मेदपेशीचा जन्म आणि बावीस अक्षरांचा हुकूम

आमच्या मोठ्या आत्याबाई अंगाने काटकुळ्या होत्या. हातपाय काडीसारखे, गालफडे बसलेली, नऊवारी लुगड्याच्या ओच्याआड पोट मात्र किंचित पुढे आलेले. त्या सातव्या महिन्यात जन्मल्या, आणि पहिले काही महिने त्यांना कापसात गुंडाळून जगवले, असे आमची आजी सांगत असे. पुढे चाळिशी उलटल्यावर त्यांना मधुमेह असल्याचे निदान झाले, तेव्हा आमच्या इंदूरच्या घरात आश्चर्यापेक्षा संशयच अधिक पसरला. मधुमेह हा खाऊनपिऊन सुस्तावलेल्या माणसांचा रोग, अशी सर्वांची पक्की समजूत. मग ह्या वाळक्या बाईला तो जडला कसा? उत्तर एकच निघाले : चोरून गोड खात असणार. फडताळाला कुलूप लागले. आत्याबाईंनी देवघरात उभे राहून शपथ घेतली. तिच्यावर कोणी विश्वास ठेवल्याचे आम्हांस आठवत नाही.

त्याच घरात आमच्या एक काकू होत्या, अंगाने चांगल्या स्थूल. आठवड्यातून दोन उपास, पंक्तीत सर्वांच्या मागून जेवणे आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणे, इतके असूनही त्यांच्या जाडीवरून घरातली पोरेदेखील विनोद करीत. ह्या काकू ऐंशी वर्षे जगल्या आणि शेवटपर्यंत त्यांच्या रक्तात साखर वाढली नाही. एकीला बारीक असून खादाड ठरवले, दुसरीला जाड म्हणून खादाड ठरवले. दोन्ही निवाडे एकाच समजुतीतून निघाले होते : मेद म्हणजे तोंडावाटे आत गेलेल्या अन्नाचा केवळ हिशेब.

ही समजूत किती अपुरी आहे, हे गेल्या सुमारे पन्नास-साठ वर्षांच्या जीवशास्त्राने दाखवून दिले. शरीरातील मेदपेशी नुसती भरत नाही, ती आधी घडावी लागते. आणि ती घडावी की न घडावी, केव्हा व किती घडावी, ह्यावर आरएनएचे अतिशय लहान रेणू नियंत्रण ठेवतात. हा शोध कसा लागत गेला, त्याचा इतिहास येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

मेदाविषयीचे कुतूहल जुनेच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ प्रकारच्या निंदित शरीरांची चर्चा आहे, आणि त्यांतील अतिस्थूल व अतिकृश ह्या दोहोंचा विशेष विचार केला आहे. अतिस्थौल्याची कारणे सांगताना गुरू, मधुर व स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव, दिवसा झोपणे ह्यांच्या जोडीला ‘बीजस्वभाव’ हेही एक कारण नोंदले आहे. म्हणजे सगळा दोष खाणाऱ्याच्या माथी मारू नये, एवढे भान त्या ग्रंथकाराला होते. मात्र ह्यावरून आमच्या पूर्वजांना आरएनए ठाऊक होते असा डांगोरा पिटणे हा चरकाचाही अपमान होय. बीजात काहीतरी असते, हे निरीक्षणाने कळले होते. काय असते, हे कळण्यास सूक्ष्मदर्शक, रसायनशास्त्र आणि कित्येक पिढ्यांचे कष्ट लागले.

आमच्या बोलीत तर मेदाला एके काळी मानच होता. ‘खात्यापित्या घरचा’ ही स्तुती होती. नव्या सुनेच्या अंगावर मूठभर मांस चढले की सासरची अब्रू राखली गेली असे मानीत. दुष्काळ आणि साथी पाहिलेल्या समाजाला साठा म्हणजे सुरक्षितता वाटावी, ह्यात नवल नाही. ‘पोट सुटणे’ हा थट्टेचा विषय झाला तो पुढे, खुर्चीवरची नोकरी आणि तुपाची बरणी दोन्ही घरात आल्यावर.

पाश्चात्त्य वैद्यकात महत्त्वाचे वळण १९४७ साली आले. फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य झाँ व्हाग ह्यांनी असे मांडले की मेद किती आहे ह्याइतकेच तो कोठे आहे हेही महत्त्वाचे. कमरेखाली, मांड्या व नितंबांवर साठणारा मेद आणि धडाच्या वरच्या भागी साठणारा मेद ह्यांत त्यांनी भेद केला, आणि मधुमेह व रक्तवाहिन्यांचे विकार दुसऱ्या प्रकाराच्या मागे लागतात हे दाखवले. त्यांच्या म्हणण्याकडे पुढची काही दशके फारसे कोणी लक्ष दिले नाही. आमच्या आत्याबाईंच्या लुगड्याआडचे ते किंचित पुढे आलेले पोट कोणी लक्षात घेतले नाही, तसेच हे.

पुढचा प्रश्न असा होता : माणूस जाड होतो तेव्हा असलेल्या मेदपेशी फुगतात, की नव्या मेदपेशी जन्मतात? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील ज्यूल्स हर्श ह्यांनी ह्या प्रश्नाला हात घातला. १९६८ साली जेरोम निटल आणि हर्श ह्यांनी उंदरांवरचा एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. काही पिल्ले आईजवळ थोड्या भावंडांत वाढवली, म्हणजे त्यांना दूध मुबलक मिळाले. काही पिल्ले मोठ्या संख्येने एकत्र ठेवली, म्हणजे दूध वाटून कमी आले. दूध सुटल्यावर सर्वांना हवे तेवढे खाऊ दिले. तरीही लहानपणी उपाशी राहिलेल्या पिल्लांच्या मेदपेशी संख्येने कायमच्या कमी राहिल्या. बालपणीच्या चार दिवसांनी आयुष्यभराचा आकडा ठरवला होता.

माणसांवर असा प्रयोग कोणी करणार नाही. पण युद्ध करते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी फौजांनी पश्चिम नेदरलँड्सचा अन्नपुरवठा तोडला आणि तेथे भीषण उपासमार झाली. त्या काळात पोटात असलेली वा नुकतीच जन्मलेली मुले पुढे एकोणीस वर्षांची होऊन सैन्यभरतीच्या तपासणीला आली. अशा सुमारे तीन लाख तरुणांच्या नोंदी तपासून रवेली, स्टाइन व ससर ह्यांनी १९७६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. गर्भावस्थेच्या पहिल्या अर्ध्या काळात उपासमार वाट्याला आलेल्यांत लठ्ठपणा अधिक आढळला; शेवटच्या तीन महिन्यांत व जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ती आलेल्यांत तो कमी आढळला. भूक एकच, पण ती कोणत्या महिन्यात आली त्यावर फळ उलट. गर्भाच्या शरीरात काही ठरावीक वेळी काही हुकूम निघत असावेत आणि त्या वेळची परिस्थिती त्या हुकुमांत मुरत असावी, असे मानल्यावाचून गत्यंतर नव्हते. पण हे हुकूम कसले, ते कोण लिहितो?

मेदपेशीचा जन्म डोळ्यांनी पाहण्याची सोय ह्याच सुमारास झाली. १९७४ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये हॉवर्ड ग्रीन आणि मार्क म्यूथ ह्यांनी उंदराच्या भ्रूणापासून आलेल्या पेशींचा एक वंश वेगळा केला. काचेच्या बशीत ह्या पेशी वाढून एकमेकींना भिडल्या आणि त्यांची वाढ थांबली, की त्यांच्या पोटात तेलाचे थेंब दिसू लागत आणि पाहता पाहता त्या मेदपेशी बनत. ‘३टी३-एल१’ असे रुक्ष नाव मिळालेला हा वंश आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात आहे. मेदपेशी ही काही आयुष्यभर मेदपेशी म्हणूनच असत नाही. तिची एक आधीची अवस्था असते, तिला आपण पूर्वमेदपेशी म्हणू. त्याच्याही आधीची मूळ पेशी तर हाड, कूर्चा, स्नायू वा मेद ह्यांपैकी काहीही होऊ शकते. १९९४ साली पीटर टोन्टोनॉझ आणि ब्रूस स्पीगलमन ह्यांनी दाखवले की पूर्वमेदपेशीला मेदपेशीच्या वाटेवर नेणारे मुख्य प्रथिन म्हणजे पीपीएआर-गॅमा. हे प्रथिन जागे झाले की मेद साठवण्याची जनुके एकामागून एक कामाला लागतात. प्रश्न उरला तो असा, की ह्या कारभाऱ्यावर कारभार कोणाचा?

त्याचे उत्तर मेदाचा अभ्यास करणाऱ्यांकडून आले नाही. ते आले एका मिलिमीटरभर लांबीच्या, मातीत राहणाऱ्या कृमीकडून.

सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा कृमी सिडनी ब्रेनर ह्यांनी १९६० च्या दशकात केंब्रिज येथे अभ्यासासाठी निवडला. तो पारदर्शक असतो, आणि त्याच्या प्रौढ शरीरात प्रजननपेशी सोडून ९५९ पेशी असतात. प्रत्येकीचा जन्मवृत्तान्त शास्त्रज्ञांनी लिहून काढला आहे. ह्या कृमींत काही जन्मजात बिघडलेले वंश होते. ‘लिन-४’ जनुक बिघडलेला कृमी बाल्यावस्थेतील पेशीविभाजने पुन्हापुन्हा गिरवीत राही. त्याला मोठे होताच येत नसे. ‘लिन-१४’ जनुकातील बिघाडाने कृमीच्या वाढीचा क्रम उलट बाजूने चुकत असे. रॉबर्ट हॉर्विट्झ ह्यांच्या एमआयटीतील प्रयोगशाळेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन हे दोन तरुण संशोधक ह्या जोडगोळीच्या मागे लागले, आणि पुढे आपापल्या स्वतंत्र प्रयोगशाळा थाटूनही त्यांनी तो नाद सोडला नाही. अँब्रोस ह्यांनी लिन-४ चा पाठपुरावा केला, रुव्हकुन ह्यांनी लिन-१४ चा.

अँब्रोस ह्यांच्या प्रयोगशाळेत रोझलिंड ली आणि ऱ्होंडा फाइनबाम ह्यांनी लिन-४ शोधून काढले तेव्हा सगळेच बुचकळ्यात पडले. जनुक म्हणजे प्रथिन तयार करण्याची कृती, अशी तोवरची व्याख्या. हे जनुक कोणतेही प्रथिन तयार करीत नव्हते. त्यातून निघत होता तो केवळ बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा. इतका आखूड तुकडा म्हणजे कचरा, असेच त्या काळी कोणीही म्हटले असते. १९९२ च्या जूनमध्ये अँब्रोस व रुव्हकुन ह्यांनी आपापल्या जनुकांची अक्षरमाला एकमेकांस कळवली आणि दोघांच्याही ध्यानात एकच गोष्ट आली : लिन-४ ची अक्षरे लिन-१४ च्या संदेशाच्या शेपटाशी जुळत होती, जशी किल्ली कुलपाशी जुळते. लहान आरएनए मोठ्या आरएनएला जाऊन चिकटत होता आणि त्या संदेशाचे प्रथिन होऊ देत नव्हता. १९९३ च्या डिसेंबरात दोन्ही लेख एकाच नियतकालिकात शेजारीशेजारी प्रसिद्ध झाले.

संस्थानी कचेऱ्यांच्या आठवणी ज्यांच्या घरात अजून आहेत, त्यांना ही व्यवस्था समजावून सांगणे कठीण नाही. डीएनए हे हुजूर दप्तर; ते केंद्रकाच्या तिजोरीतून बाहेर येत नाही. त्यातील हव्या त्या हुकुमाची नक्कल निघते, ती म्हणजे संदेशवाहक आरएनए. नक्कल कारखान्यात पोचली की तीनुसार प्रथिन तयार होते. आजवर इतिहास लिहिणाऱ्यांनी दप्तर पाहिले, नक्कल पाहिली, कारखानाही पाहिला. पण मधल्या दालनात बसलेला, नावही कोठे न नोंदलेला एक कारकून त्यांच्या नजरेतून सुटला. हा कारकून नवा हुकूम काढीत नाही. निघालेली नक्कल तो नुसती बाजूस ठेवतो, किंवा फाडून टाकतो. दरबारात काम केलेला कोणीही सांगेल, की कारभार हुकुमाने जितका चालतो तितकाच तो कोणता कागद कोठे अडकून राहिला, ह्यावरही चालतो.

हा कारकून तयार होण्याची रीत पुढे उलगडली. जनुकातून आधी एक लांब धागा निघतो, तो स्वतःवरच दुमडून केसांच्या आकड्यासारखा होतो. ड्रोशा नावाचे प्रथिन केंद्रकात त्याची टोके छाटते, डायसर नावाचे दुसरे प्रथिन केंद्रकाबाहेर त्याला पुन्हा कापून सुमारे बावीस अक्षरांचा करते, आणि आर्गोनॉट हे प्रथिन त्याला हाती धरून जुळणाऱ्या संदेशाच्या शोधात फिरते. संपूर्ण जुळणीची गरज नसते. आरंभीची सहा-सात अक्षरे जुळली तरी पुष्कळदा काम भागते. म्हणून एकच लहान आरएनए शेकडो संदेशांवर अंकुश ठेवू शकतो, आणि एका संदेशावर अनेकांचा अंकुश असू शकतो.

१९९३ च्या त्या लेखांनंतर सात वर्षे जवळपास शांतता होती. ही त्या कृमीचीच काही लहर असेल, असे बहुतेकांनी मानले. २००० साली रुव्हकुन ह्यांच्या प्रयोगशाळेला ‘लेट-७’ हा दुसरा असाच रेणू सापडला, आणि तो माशीपासून माणसापर्यंत अनेक प्राण्यांत जसाच्या तसा असल्याचे दिसले, तेव्हा पारडे फिरले. २००१ साली अशा रेणूंना ‘मायक्रो-आरएनए’ हे नाव मिळाले. आज माणसात त्यांची एक हजाराहून अधिक जनुके ठाऊक आहेत. अँब्रोस आणि रुव्हकुन ह्यांना २०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, पहिल्या लेखांनंतर एकतीस वर्षांनी.

आता ही वाट मेदापाशी येते. २००३ साली फळमाशीवर काम करणाऱ्यांना आढळले की ‘मिर-१४’ हा रेणू नसलेल्या माशीच्या शरीरात मेदाचा साठा बिघडतो. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, कॅलिफोर्नियातील एका औषधसंस्थेत क्रिस्टीन ईसाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या पूर्वमेदपेशी घेतल्या आणि निरनिराळे मायक्रो-आरएनए एकेक करून निकामी करून पाहिले. ‘मिर-१४३’ निकामी केला की पूर्वमेदपेशी तेथेच थांबत. त्यांच्यात तेलाचे थेंब धरत नसत. एरवी मेदपेशी घडताना हा रेणू वाढत जाई. बावीस अक्षरांचा एक तुकडा माणसाच्या मेदपेशीच्या जन्माला लागतो, हे प्रथमच सिद्ध झाले.

त्यानंतरच्या दहा वर्षांत अशा रेणूंची रांगच लागली, आणि त्यांचे दोन पक्ष आहेत हे स्पष्ट झाले. एक पक्ष मेदपेशी घडवण्यास हात देतो. २००८ मध्ये दिसले की ‘मिर-१७-९२’ ह्या नावाने ओळखला जाणारा समूह पूर्वमेदपेशीच्या वाढीला लगाम घालणारे एक प्रथिन दडपतो, म्हणजे लगामालाच लगाम घालतो, आणि पेशी पुढे सरकते. दुसरा पक्ष अडवणारा. ‘मिर-२७’ आणि ‘मिर-१३०’ हे थेट पीपीएआर-गॅमाचाच संदेश दाबतात. मेदपेशी घडायची वेळ आली की मिर-२७ आपसूक ओसरतो, आणि कारभाऱ्याला मोकळीक मिळते. तो कृत्रिम रीतीने वाढवून ठेवला तर मेदपेशी होतच नाही. मिर-१३० चे प्रमाण लठ्ठ स्त्रियांच्या मेदात कमी असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. आणि आमच्या मते सर्वांत हृद्य गोष्ट म्हणजे कृमीला वेळेवर मोठे करणारा तो लेट-७ हाही येथे भेटतो : २००९ मधील प्रयोगांत तो पूर्वमेदपेशींची गुणाकाराने होणारी वाढ थांबवताना दिसला. मातीतल्या कृमीचे वय सांभाळणारा कारकून आमच्या पोटावरच्या मेदाचेही दप्तर सांभाळतो.

पण लठ्ठपणात नेमके काय होते? येथे २००९ चाच आणखी एक अभ्यास सर्वांना चकवणारा ठरला. एमआयटीशी संलग्न व्हाइटहेड संस्थेतील हार्वे लोडिश ह्यांच्या गटाने मेदपेशी घडताना वाढणाऱ्या मायक्रो-आरएनएंची यादी केली आणि तेच रेणू लठ्ठ उंदरांच्या मेदपेशींत मोजले. अपेक्षा अशी, की लठ्ठपणात ते अधिकच वाढलेले असतील. झाले उलटे. मिर-१०३ व मिर-१४३ ह्यांच्यासह त्यांतील बरेच रेणू कमी झालेले होते. म्हणजे लठ्ठ शरीरातील फुगलेली मेदपेशी ही अधिक पक्की मेदपेशी नसते. ती आपला धर्म विसरत चाललेली, दाहाने त्रस्त झालेली पेशी असते. मेद पुष्कळ असणे आणि मेदपेशी निरोगी असणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

जुन्या वाड्यातील कणग्यांचे उदाहरण घेऊ. धान्य आले की कणगीत भरावे. कणग्या पुरेशा असतील तर घर भरलेले दिसते, पण माजघर मोकळे राहते. कणग्या थोड्या असतील, किंवा त्यांना भेगा पडल्या असतील, तर तेच धान्य ओसरीवर, स्वयंपाकघरात, देवघरातही पसरते आणि उंदीर-घुशींची सोय होते. शरीरातही मेदपेशींत न मावलेला मेद यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसतो, तेथे इन्सुलिनचे काम बिघडते आणि रक्तात साखर वाढू लागते. ज्यांच्या शरीरात जन्मतः मेदपेशी जवळपास नसतातच, असे काही दुर्मीळ रोगी असतात. ते दिसतात सडपातळ, आणि त्यांना मधुमेह मात्र तीव्र होतो. आमच्या काकूंच्या कणग्या मोठ्या आणि धड होत्या. आत्याबाईंच्या बहुधा पुरेशा नव्हत्या.

हे ‘बहुधा’ लिहिताना आम्हांस दोन अभ्यासांचा आधार वाटतो. पहिला पुण्याचा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास आरंभला. तेथील पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. पुण्याची बाळे स्नायूंनी व पोटातील अवयवांनी लहान होती, पण त्या मानाने त्यांच्या अंगावरचा मेद मात्र टिकून होता. ह्या बाळाला ‘बारीक-जाड’ बाळ असे नाव पडले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन ह्यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. वजन-उंचीचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातील मेद मात्र युडकिन ह्यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक ह्यांच्यात २१.२ टक्के. काटा दोघांविषयी एकच सांगत होता, आणि दोघांची शरीरे निराळी होती.

दुसरा अभ्यास २०१२ चा, केंब्रिजच्या सुझन ओझान, लेस्टरच्या अ‍ॅन विलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. गर्भारपणात प्रथिने कमी मिळालेल्या उंदरांच्या पिल्लांत, तसेच कमी वजनाने जन्मलेल्या प्रौढ पुरुषांच्या मेदात ‘मिर-४८३-३पी’ हा रेणू वाढलेला आढळला. हा रेणू एका वाढकारक प्रथिनाचा संदेश दाबतो आणि त्यामुळे मेदपेशीला पुरेसा मेद साठवता येत नाही. कणगी लहानच राहते. हे दोन अभ्यास वेगळे आहेत, एकाचा पुरावा दुसऱ्याच्या पदरात टाकणे योग्य नव्हे. पण हॉलंडच्या उपासमारीने विचारलेल्या त्या जुन्या प्रश्नाला येथे एक उत्तर मिळते. आईच्या पोटातल्या दिवसांची टंचाई बावीस अक्षरांच्या रूपाने पेशीत नोंदली जाऊ शकते, आणि ती नोंद कित्येक वर्षांनी वाचली जाते.

अशा नोंदी इतक्या टिकाऊ का ठरतात, ह्यावर २००८ मधील स्वीडनचे एक संशोधन प्रकाश टाकते. शीतयुद्धाच्या काळात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांनी वातावरणात किरणोत्सारी कार्बन वाढला होता. तो अन्नावाटे सर्वांच्या शरीरात गेला. त्याचे प्रमाण मोजून कर्स्टी स्पाल्डिंग ह्यांनी मेदपेशींची वये काढली. मेदपेशींची संख्या बालपणी व कुमारवयात ठरते; पुढे दरवर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या जन्मतात; वजन पुष्कळ उतरवले तरी संख्या फारशी घटत नाही. कणगी रिकामी होते, मोडत नाही. वजन उतरवलेल्या माणसाचे वजन पुन्हा वाढते तेव्हा त्याच्या निश्चयाला बोल लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

२०१७ साली बोस्टनच्या रोनाल्ड कान ह्यांच्या गटाने आणखी एक पडदा उघडला. मेदपेशींतील डायसर काढून टाकलेल्या उंदरांच्या रक्तात फिरणारे मायक्रो-आरएनए पुष्कळच कमी झाले. म्हणजे मेदपेशी हे रेणू केवळ स्वतःपुरते वापरत नाही; ती ते रक्तात सोडून यकृतासारख्या दूरच्या अवयवांनाही पत्रे धाडते. निष्क्रिय कोठार समजला गेलेला मेद हा शरीराच्या पत्रव्यवहारातील एक मोठा लेखक निघाला.

ह्या साऱ्यातून औषध निघाले का, असे वाचक विचारतील. काही रेणू निकामी केल्यावर उंदरांची साखर सुधारल्याचे प्रयोग आहेत. पण मायक्रो-आरएनएवर चालणारे लठ्ठपणाचे कोणतेही मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. अलीकडे गाजणारी वजन उतरवण्याची इंजेक्शने निराळ्या मार्गाने, भूक शमवणाऱ्या संप्रेरकांची नक्कल करून काम करतात. एका रेणूचा हात शेकडो संदेशांवर असल्याने एक कारकून हलवला की दहा खात्यांचे काम बिघडण्याची भीती असते. तेव्हा मायक्रो-आरएनएच्या नावाने पूड वा काढा विकणारा कोणी दारी आला, तर त्याला दारातूनच नमस्कार करावा.

आम्हांस दुसऱ्याही एका टोकाची धास्ती वाटते. पूर्वी सगळा दोष जिभेचा होता; आता सगळा दोष रेणूंचा, असे म्हणून कोणी हातपाय हलवणे सोडून देईल. हे रेणू दैव नव्हेत. आहार, श्रम आणि दाह ह्यांनी त्यांचे प्रमाण बदलत राहते. कणग्या किती, हे आपल्या हाती नसले तरी धान्य किती आणावे हे पुष्कळसे आपल्या हाती असते. आणि ह्या इतिहासातून निघणारे सर्वांत व्यवहार्य कर्तव्य तर औषधाच्या दुकानात नाहीच. ते गर्भार सुनेच्या आणि लेकीच्या ताटात आहे. आमच्या घरांतून बायका शेवटी जेवत, उरलेसुरले खात, आणि पोटुशी बाईनेही तीच पंगत धरावी अशी रीत होती. तिची नोंद कोणत्या वहीत होत होती, हे त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे.

आत्याबाईंना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. वाड्याची वाटणी झाली तेव्हा ते फडताळ आमच्या वाट्याला आले. त्याचे कुलूप आणि कोयंडा अजून शाबूत आहेत. त्यांच्या शरीरातील कोणता रेणू वाढला होता आणि कोणता घटला होता, हे आता कोणी सांगू शकणार नाही, आणि त्यांच्या आजाराचे एकच कारण शोधण्याचा अट्टाहासही आम्ही करणार नाही. पण त्यांनी देवघरात घेतलेली शपथ खरी असण्याला शरीरशास्त्राची कसलीच हरकत नव्हती, एवढे आज खात्रीने म्हणता येते. कुलूप घालणाऱ्यांत आमचे वडीलही होते, आणि त्यांच्यामागे उभे राहून हसणाऱ्या पोरांत आम्हीही होतो.